ऐकणारी डबी

उपग्रह आपल्याला शोधत असतात, असा आपल्याकडे पक्का समज आहे. फोन हरवला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "सॅटेलाइटवरून बघा की, कुठंय ते." मालिकांमधले पोलीसही तसंच करतात आणि त्यांना गुन्हेगार सापडतोसुद्धा. प्रत्यक्षात तुम्ही आहात हे जीपीएसच्या उपग्रहाच्या गावीही नसतं. जमिनीपासून २०,२०० किलोमीटरवरून तो रात्रंदिवस एकच पाठ म्हणत असतो: माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आणि माझी कक्षा अशी अशी आहे. खालच्याने ते ऐकायचं, हिशेब मांडायचा आणि आपण कुठे उभे आहोत ते आपलं आपण ठरवायचं. ऐकणारे चार असोत की चारशे कोटी, वरच्याला त्याचं सोयरसुतक नाही.

कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फळ्यावर वर्तुळं काढून ती एका बिंदूत कशी छेदतात, हे मी पोरांना दाखवलेलं आहे. पण फळ्यावरचं वर्तुळ कधी दवाने भिजत नाही, त्याची तार तुटत नाही आणि त्याला शेजारच्या मोटरचा त्रास होत नाही. हे सगळं होणारी वस्तू माझ्या टेबलावर आली ती भाच्याच्या ड्रोनमुळे.

ड्रोन साधाच. चार पंख्यांचा, तयार विकत घेतलेला, बरीच वर्षं वापरलेला. त्याला उपग्रह सापडायला आधी वेळ लागायला लागला, मग सापडेनासेच झाले. जीपीएस गेलं म्हणून ड्रोन लगेच कोसळत नाही. तोल सांभाळायला जायरोस्कोप असतो, हवेच्या दाबावरून उंची कळते. कळत नाही ते एवढंच, की आपण वाऱ्याबरोबर वाहत चाललो आहोत. आमच्या वाईत हा प्रकार फार लवकर ध्यानात येतो. उन्हाळ्यात दुपार कलली की खोऱ्यातून वारा सुटतो आणि आपल्या मते स्तब्ध उभा असलेला ड्रोन आब राखून, जराही न कलंडता, शेजारच्यांच्या उसाकडे निघतो. 'घरी परत ये' असं एक बटण त्याला आहे. पण घर कुठे आहे हेच माहीत नसेल तर परतणार कुठे?

सेवा केंद्रातून उत्तर आलं, की जीपीएसची सुटी डबी मिळत नाही, मुख्य बोर्डासकट बदलावी लागेल. आकडा ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, नवाच घेऊ की." तोही तसाच मिळेना, कारण फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे. सुटे भाग आणायला मात्र मोकळीक आहे. ड्रोन देशात तयार व्हावेत असा सरकारचा हेतू. आमच्या घरात तो डबीपुरता सफल झाला म्हणायचा.

डबी म्हणते ती ड्रोनच्या पाठीवरची काळी टोपी. ती उघडली. वर पिवळसर सिरॅमिकचा चौकोन, पंचवीस मिलिमीटर बाय पंचवीस, त्यावर चांदीचा मुलामा. मुलाम्याचे दोन कोपरे मुद्दाम छाटलेले. मध्याच्या जरा बाजूला सोल्डरचा एक टिपका: तिथून खाली जाणारी पिन हीच अँटेनाची नाळ. त्या टिपक्यापासून कडेपर्यंत केसासारखी भेग गेली होती. चौकोनाच्या पोटातल्या इवल्याशा अँप्लिफायरला ओल लागून हिरवा गंज चढला होता, म्हणजे नुसता चौकोन बदलून भागणार नव्हतं. त्याखाली पत्र्याच्या झाकणात मुख्य चिप, कडेला होकायंत्राची चिप, टिकलीएवढा एक सेल आणि बाहेर पडणाऱ्या सहा तारा. पाच व्होल्ट, ग्राउंड, दोन तारा बोलाचालीच्या, दोन होकायंत्राच्या. संपलं.

अँटेना मेली तरी चिप बोलत होती. एकही उपग्रह नाही, एकही उपग्रह नाही, असा निरोप ती बिचारी न थकता ड्रोनला देत होती. त्या तारांवर स्वस्तातला एक लॉजिक अॅनालायझर लावून संगणकावर पाहिलं, तर प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला तेच दोन बाइट: बी५ आणि ६२. अक्षरांत वाचले तर पहिला ग्रीक म्यू आणि दुसरा इंग्रजी बी. यू-ब्लॉक्स ह्या स्विस कंपनीची ती सही. टोपीवर नाव एकाचं आणि आत कारभार दुसऱ्याचा, असं ते निघालं. मला बरंच वाटलं. नवी डबी हीच भाषा त्याच वेगाने बोलली, तर ड्रोनला बदल कळायचं काही कारण नव्हतं.

सामानासाठी पुणं गाठलं. पासोड्या विठोबाच्या बाजूने तपकीर गल्लीत शिरलं, की पूर्वी रेझिस्टरच्या बरण्याच बरण्या दिसायच्या. आता दिव्यांच्या माळा आणि सीसीटीव्ही जास्त. तरी विचारत गेलं की एखाद्या माळ्यावरून हवी ती वस्तू खाली येतेच. यू-ब्लॉक्सची निओ-एम८एन ही चिप मी मागितली. बारा मिलिमीटर बाय सोळा, भोवती टपाल तिकिटासारखे दाते.

"ओरिजिनल आहे ना?"

"मॅडम, सगळे हाच नेतात."

हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ह्या चिपच्या नकला बाजारात उदंड आहेत. पण परीक्षा सोपी असते. खऱ्या एम८एनच्या पोटात कायमची स्मृती असते. तिला एखादी सूचना देऊन जतन करायला लावायची, वीज आणि सेल दोन्ही काढायचे, थोड्या वेळाने पुन्हा जोडायचं. सूचना लक्षात राहिली तर चिप खरी. घरी येऊन केली, राहिली. दुकानदाराबद्दलचा माझा संशय मी मनातल्या मनात मागे घेतला.

बोर्ड घरीच केला. तयार बोर्ड मागवता येतात, चार दिवसांत दारात येतात, सुबकही असतात. पण तांब्याच्या पत्र्यावर रेघा उमटवून नको ते तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचं, ही जुनी हौस आहे आणि ती पुरवायला एवढं चांगलं निमित्त पुन्हा कधी मिळणार? गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने नकाशा छापायचा, तांब्यावर उपडा ठेवून वरून कडक इस्त्री दाबायची, पाण्यात भिजवून कागद बोटाने हलक्या हाताने चोळून काढायचा. काळ्या रेघा मागे राहतात. मग प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ते तपकिरी पाणी. ट्रे हलवत राहायचं. पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग कडेकडेने तांबं विरायला लागतं, खालचा फिका हिरवट बोर्ड दिसायला लागतो. हे पाणी ज्या ज्या गोष्टीला लागतं तिच्यावर पिवळा डाग ठेवून जातं. माझ्या मोरीच्या फरशीवर आजवरच्या सगळ्या प्रयोगांचा इतिहास आहे.

चिपपासून अँटेनाच्या जोडणीपर्यंतची वाट तेवढी जपायची. ह्या वाटेने जो संदेश येणार त्याची कंप्रता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी १९ सेंटीमीटर. नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डवर वाटेची रुंदी तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवली तर पन्नास ओहमचं गणित जमतं. वाट सेंटीमीटरभरच असेल तर रुंदीतल्या फरकाने खरं म्हणजे फारसं बिघडत नाही. तरी मी ती हिशेबाने काढली. शिक्षकी पेशा अंगातून जात नाही.

येणारा संदेश केवढासा असतो ते सांगायला हवं. उपग्रहावरून तो निघतो तेव्हा काही डझन वॅटचा असतो. तिथून सगळ्या पृथ्वीवर पसरत पसरत आपल्या गच्चीवर पोचेपर्यंत त्यातला उरतो एका वॅटचा शंभर कोटी कोटीवा भाग. तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेने जी खसखस होत असते तीसुद्धा ह्याहून कितीतरी मोठी. शिवाय सगळे जीपीएस उपग्रह एकाच कंप्रतेवर एकाच वेळी बोलतात. मग ऐकू कसं येतं? पालखी सासवडला उतरलेली असताना, शेकडो दिंड्यांचे टाळ-मृदंग एकदम चालू असताना आपल्या गावची दिंडी कानाला सापडते, कारण ते कुठला अभंग कुठल्या चालीत म्हणणार हे आपल्याला आधीच पाठ असतं. इथेही तेच. प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ अंकांचा स्वतःचा एक क्रम आहे. तो दर मिलिसेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि चिपला सगळ्यांचे क्रम तोंडपाठ असतात. एकेक क्रम मनात धरून ती गोंगाटावर सरकवून बघते. जुळला की उपग्रह सापडला. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये हे क्रम रचण्याची रीत मांडली. ह्या क्रमांचा गुण असा की दोन वेगळे क्रम एकमेकांवर ठेवले तर जवळपास जुळतच नाहीत.

सोल्डरिंग झालं, दात्यांमधून सोल्डर वाहिलेलं नाही ना ते भिंगातून पाहिलं आणि लॅपटॉप घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून लांब जाऊन बसले. पडद्यावर ओळी यायला लागल्या. चिपला बायनरीखेरीज एक साधी भाषाही येते. ती मुळात बोटींवरच्या उपकरणांसाठी ठरवलेली, म्हणून तिच्यात वेग अजूनही सागरी मैलांत येतो. सुरुवातीला ओळीत नुसते स्वल्पविराम. एकापुढे एक, मध्ये काहीही नाही: अक्षांश नाही, रेखांश नाही, वेळ नाही. जागा सोडून ठेवलेला छापील अर्जच तो. मग पहिल्या रकान्यात वेळ उमटली. ग्रिनिचची, आपल्याहून साडेपाच तास मागची. जागा अजून कोरीच. नेहमी असंच होतं, वेळ आधी येते. एक उपग्रह नीट ऐकू आला तरी ती कळते. जागेसाठी चार लागतात. तीन दिशांचे तीन आणि चौथा चिपच्या स्वतःच्या घड्याळातली चूक काढायला. उपग्रहावर अणुघड्याळ आणि इथे काही रुपयांचा क्वार्ट्झ स्फटिक. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, तेव्हा ह्या स्फटिकाच्या भरवशावर राहिलं तर माणूस वाईत उभा असून महाबळेश्वरात दिसेल. ती चूक चौथ्या उपग्रहाच्या साक्षीने वजा होते. ही युक्ती मला सगळ्या व्यवस्थेत जास्त आवडते. खालच्या माणसाकडे चांगलं घड्याळ नसणार हे तिने मुळातच धरून चाललं आहे.

अर्ध्या मिनिटाने रकाने भरले. पहिला आकडा १७५७ ने सुरू होणारा. मला क्षणभर प्लासीची लढाई आठवली. मग ध्यानात आलं, सतरा अंश सत्तावन्न मिनिटं. वाई.

आकाशाचा नकाशा दाखवणारी एक खिडकी त्या सॉफ्टवेअरमध्ये असते. वर्तुळाचा मध्य म्हणजे डोक्यावरचं आकाश, कड म्हणजे क्षितिज. त्यावर ठिपके सरकताना पाहत मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. पूर्वेकडे ठिपके, दक्षिणेकडे ठिपके, पश्चिमेकडेही. ठीक उत्तरेला, खालच्या भागात मात्र मोठी पोकळी. आधी वाटलं डोंगर आड येत असतील. पण कारण वेगळं आहे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत, त्यामुळे हे उपग्रह ५५ अक्षांशाच्या पलीकडे जातच नाहीत. आपल्या इथून पाहिलं तर ठीक उत्तरेला साधारण चाळीस अंश उंचीच्या खाली ते कधीच दिसत नाहीत. आणि ध्रुवतारा वाईतून दिसतो तो अठरा अंशांवर, म्हणजे बरोब्बर त्या पोकळीत. ज्याच्या आधाराने माणसं शतकानुशतकं समुद्र ओलांडून गेली, त्याच्याभोवती ह्या नव्या वाटाड्यांपैकी एकही फिरकत नाही. डबी बसवणाऱ्याला ह्यातून कामाची एक गोष्ट मिळते: उत्तरेला घर किंवा डोंगर असेल तर चालतं, दक्षिण मोकळी हवी. आपल्या 'गगन' यंत्रणेचे भूस्थिर उपग्रहही दक्षिणेलाच असतात. जागेतल्या चुकांची दुरुस्ती सांगणारे. चिपच्या यादीत चाळीस-एक्केचाळीस असे क्रमांक दिसले की ते त्यांचे समजायचे.

भाच्याने विचारलं, "हे सगळं फुकट कसं?" प्रश्न रास्त आहे. जीपीएस अमेरिकी लष्कराने बांधलं. पहिला उपग्रह १९७८ चा, संपूर्ण यंत्रणा १९९५ मध्ये कार्यान्वित झाली. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, आणि त्यानंतर रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापराला खुली करण्याचं जाहीर केलं. तरी बरीच वर्षं नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जायची. शंभरेक मीटरची. त्या काळात भाच्याचा ड्रोन 'घरी' परतला असता तर दोन बांध ओलांडून उतरला असता. २ मे २००० ला ती मिसळ थांबवली. थांबवणाऱ्याच्या हातात ती पुन्हा सुरू करणंही होतं, हे इतर देशांनी ओळखलं. आपण 'नाविक'ची मालिका उभी केली, १ जुलै २०१३ ला श्रीहरिकोट्याहून पहिला उपग्रह गेला. त्यावरची आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं पुढे बंद पडली. उपग्रह धडधाकट, पण घड्याळाविना ह्या कामाला निरुपयोगी. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. माझ्या चिपला नाविकचे आधीचे उपग्रह ऐकूच येत नाहीत, ते वेगळ्या कंप्रतांवर बोलतात. ती ऐकते अमेरिकेचे आणि रशियाचे, दुरुस्ती घेते भारताची, आणि स्वतः आहे स्विस.

घड्याळांबद्दल आणखी एक. वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथलं घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. वेगामुळे ७ मागे पडतं. बाकी ३८. एवढ्याशाने दिवसाला अकरा किलोमीटरची चूक साचली असती. म्हणून १०.२३ मेगाहर्ट्झचं घड्याळ जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ ला लावून पाठवतात. सापेक्षतेचा उपयोग काय, असं दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं. हा आकडा मी फळ्यावर लिहायची आणि काही न बोलता तास पुढे न्यायची.

गच्चीवर डबी उत्तम चालली. ड्रोनवर बसवली आणि कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावरचे, प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाचा जोर दाखवणारे स्तंभ एकेक करून बसायला लागले. पंचेचाळीसवर असलेले तिशीच्या खाली. कॅमेऱ्याच्या चित्राची केबल जलद अंकांची ये-जा करताना जो गोंगाट बाहेर टाकते तो थेट १५७५ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. केबलला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळून ती ग्राउंडला जोडली, डबीखाली तांब्याचा सात सेंटीमीटरचा चौकोन ठेवला. स्तंभ पुन्हा वर चढले. २०,२०० किलोमीटर पार करून आलेला संदेश शेवटच्या चार बोटांत, ज्याच्यासाठी आला त्याच्याच अंगावर मरत होता. पुढे जे जे अडलं ते सगळं ह्याच जातीचं होतं. आकाशाने एकदाही दगा दिला नाही.

होकायंत्राची गोष्ट त्यात सगळ्यात मोठी. जीपीएसला जागा कळते. उभ्या जागी तोंड कुठे आहे हे कळत नाही. त्यासाठी चुंबकीय चिप. तिची दिशा चुकीची असेल तर ड्रोन जागा सावरायला जातो तो भलतीकडे, मग ती चूक सावरायला आणखी भलतीकडे, आणि वाढत्या वर्तुळात गरगरत जातो. ह्या प्रकाराला इंग्रजीत संडासातल्या भांड्यावरून नाव पडलंय, ते राहू दे. प्रयोगशाळेत टँजंट गॅल्व्हनोमीटर मांडताना मी वर्षानुवर्षं बजावत आले: घड्याळं काढा, किल्ल्या लांब ठेवा, तारांना पीळ द्या. इथे तर मोटरला वीस अँपिअर नेणारी तार चिपखालून गेलेली. हिशेब करून पाहा. वीस अँपिअरची एकटी तार दहा सेंटीमीटरवर ४० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र उभं करते, आणि पृथ्वीचं आपल्याकडचं आडवं क्षेत्र जवळपास तेवढंच आहे. म्हणजे मोटर जोरात फिरली की चिपला उत्तर दिशा दोन.

हीच अडचण मुंबईला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरच्या उद्रेकाने जगभर चुंबकीय वादळ झालं, ठिकठिकाणची तारायंत्रं बिघडली. त्या वादळात कुलाब्याला सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली, आणि आजही अभ्यासक ती नोंद काढून बसतात. पुढे मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर न्यायचं ठरलं. रुळांतून फिरणारा तो प्रवाह म्हणजे वेधशाळेच्या दारातच वाहणारी वीस अँपिअरची तार, फक्त कितीतरी पट मोठी. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ट्रामशी भांडण मांडलं नाही. त्यांनी उपकरणं समुद्रापलीकडे अलिबागला नेली. १९०४ ते १९०६ ह्या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, जुन्या नोंदींना नव्या नोंदी नीट जोडता याव्यात म्हणून. अलिबागची इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंडाचा खिळा नाही; जिथे धातू लागला तिथे तांबं-पितळ. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली आणि १९६४ मध्ये कायमची थांबली. अलिबागची मोजणी अजून चालू आहे.

मूससाहेबांचाच कित्ता गिरवायचा ठरवलं. लांब जायचं आणि लोखंड वर्ज्य. डबीला दहा-बारा सेंटीमीटर उंच खांब केला, स्क्रू पितळी घेतले आणि प्रत्येकाला आधी लोहचुंबक लावून पाहिलं. पितळी म्हणून दिलेल्यांतले दोन चुंबकाला टचकन चिकटले. वर नुसता मुलामा होता. मोटरच्या जाण्या-येण्याच्या तारांना एकमेकींत पीळ घातला, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. मग होकायंत्र जुळवायचा विधी: ड्रोन हातात धरून सगळ्या अंगांनी हळूहळू गोल फिरवायचा, उभा, आडवा, उलटा. शेजारच्या काकू कठड्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "कुणाची दृष्ट काढताय?" मी म्हटलं, ह्याचीच.

ह्या डबीत माझं काय, हा प्रश्न अधूनमधून पडतो. चिप माझी नाही, क्रम गोल्ड यांचे, घड्याळं तीन-चार सरकारांची, सिरॅमिक कुठल्याशा चिनी भट्टीतलं. माझ्या त्या सेंटीमीटरभर वाटा, सोल्डर, खांब आणि पीळ. जोडकाम. ह्याला घरगुती म्हणायचं तर म्हणावं; मला त्याची लाज नाही आणि फार अभिमानही नाही. एक मात्र खरं, की विकत आणली असती तर कॅमेऱ्याची केबल उपग्रहांना मारते हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

उडवायच्या आधी, ड्रोन कुठे चालतो ते दाखवणाऱ्या 'डिजिटल स्काय' ह्या सरकारी नकाशावर पाहिलं. आमच्या बाजूचा पट्टा हिरवा, ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. मेणवलीच्या वाटेवर ओळखीच्यांचं हरभरा निघालेलं शेत होतं. भाच्याने ड्रोन वर घेतला आणि दोन्ही हात रिमोटवरून काढले. खोऱ्यातला वारा नेहमीसारखाच होता. ड्रोन वाऱ्याकडे जरासा झुकून जागच्या जागी उभा राहिला. 'घरी परत ये' दाबल्यावर उतरला तो निघाल्या जागेपासून दोन-तीन पावलांवर. ह्या चिपची अचूकताच अडीच मीटर सांगितलेली आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. सेंटीमीटरमध्ये हवं असेल तर आरटीके लागतं, एक चिप जमिनीवर आणि एक हवेत. तो खर्च शेताची मोजणी करणाऱ्यांनी करावा, हौशी माणसाने नाही.

तुमच्याकडेही असा उपग्रह न सापडणारा ड्रोन माळ्यावर पडला असेल, तर भंगारात द्यायच्या आधी टोपी उघडा. पहिल्यांदा त्या टिकलीएवढ्या सेलवर मीटर लावा. तो उतरला असेल तर चिप दर वेळी सगळं विसरून पहिल्यापासून शोधायला लागते, आणि उशिराचं कारण बहुधा तेवढंच असतं. सेल ठीक असेल तर सिरॅमिकवर भेग आहे का ते भिंगातून बघा. आणि खांबाचे स्क्रू, पितळी म्हणून दिले असले तरी, चुंबक लावूनच घ्या.